गवती चहाचं तेल त्वचेला लावायचंय? आधी थेंब मोजा

गवती चहाच्या तेलाची बाटली उघडली की लिंबासारखा ताजा वास खोलीभर पसरतो आणि सढळ हाताने ओतावंसं वाटतं. नेमका तिथेच हात आवरायचा. हा वास सिट्राल या तेलातल्या सुगंधी घटकाचा. पाती वाफेवर ऊर्ध्वपातित करून काढलेल्या या तेलात बहुधा ६५ ते ८५ टक्के सिट्रालच असतं, आणि एखाद्याच्या त्वचेला अ‍ॅलर्जी आणतं तेही तेच.

खरेदी करताना लेबलवर वनस्पतीचं नाव बघा: सिम्बोपोगॉन फ्लेक्सुओसस किंवा सिम्बोपोगॉन सिट्रॅटस. सिट्रोनेला हे गवतही सिम्बोपोगॉनच, पण त्याचं तेल वेगळं. नुसतं ‘लेमनग्रास सुगंध’ लिहिलेली बाटली त्वचेसाठी घेऊ नका.

आता मिश्रण. गडद काचेच्या स्वच्छ, कोरड्या बाटलीत ३० मिली बदाम तेल किंवा जोजोबा तेल घ्या. त्यात गवती चहाच्या तेलाचे ३ थेंब टाका. हो, तीनच! साधारण २० थेंबांचा १ मिली होतो, म्हणजे हे प्रमाण अर्धा टक्का झालं. त्वचेसाठी ०.७ टक्के ही कमाल मर्यादा सांगितली जाते, आणि ड्रॉपरगणिक थेंब लहानमोठा पडतो, म्हणून थोडं खालीच राहिलेलं बरं. चेहऱ्याला लावायचं असेल तर मी एकच थेंब सांगेन. झाकण लावून बाटली हलवा. पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मात्र हे तेल मिसळू नका. ते विरघळत नाही, वर तरंगतं, आणि न मिसळलेला थेंब थेट कातडीवर बसतो.

कोपराच्या आतल्या बाजूला या मिश्रणाचा ठिपका लावा आणि ४८ तास थांबा. ही पायरी कृपा करून गाळू नका. खाज, लाली किंवा पुरळ आलं तर हे तेल तुमच्यासाठी नाही. प्रमाण कमी करून पुन्हा प्रयोग नको.

काहीच झालं नाही, तर आंघोळीनंतर अंग किंचित ओलसर असताना तळहातावर थोडंसं घेऊन चोळा. डोळ्यांभोवती, जखमेवर, इसब असलेल्या किंवा नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात नाही, आणि गरोदरपणात डॉक्टरांना विचारूनच.

उन्हाबद्दल बऱ्याच जणांना शंका असते. लिंबाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात फ्युरोकुमारिन नावाची रसायनं असतात. असं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते, डाग पडतात. गवती चहाच्या तेलाला ती भीती नाही. पण बाटलीला ऊन आणि हवा दोन्ही बाधतात. हवेने जुनं झालेलं तेल त्वचेला जास्त झोंबतं. म्हणून झाकण घट्ट लावा, थंड जागी ठेवा, उघडल्याची तारीख चिकटवा आणि वास बदलला की टाकून द्या.

न मिसळलेलं तेल हातावर सांडलंच, तर लगेच हात पाण्याखाली धरू नका. आधी साध्या खाद्यतेलाने पुसा, मग साबणाने धुवा.