जबडा कटकट वाजतो? घरी काय तपासायचे आणि दवाखाना कधी गाठायचा

जांभई देताना कानापुढे कट् असा आवाज आला की धास्ती बसते. पण दुखत नसेल आणि तोंड पुरते उघडत असेल, तर नुसत्या आवाजाला सहसा उपचार लागत नाहीत. कानापुढच्या जबड्याच्या सांध्यात दोन हाडांमध्ये एक चिवट चकती असते. ती जराशी पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना परत जागेवर येते आणि आवाज होतो. पाहायचे ते दोनच: दुखते का, आणि तोंड किती उघडते.

आरशासमोर बसा. दोन्ही कानांच्या छिद्रांपुढे बोटे ठेवून सावकाश तोंड उघडा. हनुवटी मध्येच वळून शेवटी सरळ आली, तर चकती अडखळून जागेवर बसते आहे. शेवटपर्यंत एका बाजूलाच राहिली, तर बहुधा त्या बाजूचा सांधा पुढे सरकत नाही.

मग तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. तीन बोटे मावली तर ठीक. पट्टीने मोजायचे तर वरच्या दातांच्या कडेपासून खालच्या दातांच्या कडेपर्यंत मोजा. 35 मिमीपेक्षा कमी भरले तर दाखवायला हवे. आकडा तारखेसह लिहून ठेवा. आता दात घट्ट आवळा; गालावर जो स्नायू टणक होतो, तो दात सैल सोडून बोटाने दाबा. दुखला तर दुखणे स्नायूंचे असू शकते. झोपेत दात खाणाऱ्यांना हे फार होते.

दुखणे सौम्य असेल तर दोन-तीन आठवडे सांध्याला विश्रांती द्या. वरणभात, खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी चालेल. ऊस, चिक्की, अख्खा पेरू, च्युइंगगम बंद. ओल्या गरम टॉवेलने 15-20 मिनिटे शेक, दिवसातून दोनदा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. सर्वांत उपयोगी आणि सर्वांत अवघड सवय म्हणजे ओठ मिटलेले, दात सुटे. एरवी दात एकमेकांना टेकायला नकोत. कामाच्या तंद्रीत ते आवळलेलेच राहतात, म्हणून मोबाइलवर तासातासाचा गजर लावा. आणि जबडा मुद्दाम वाजवून बघू नका.

एवढे करूनही दुखत राहिले तर दंतवैद्य गाठा. आवाज एकाएकी थांबला आणि तोंड दोनच बोटे उघडू लागले, तर बरे वाटले असे समजू नका: चकती पुढे अडकलेली असू शकते. लवकर दाखवा.

आपल्याकडे आणखी एक गफलत होते. सुपारी, मावा, खर्रा, गुटखा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते, तिखटाने आग होते, गालाच्या आत पांढरट, कडक पट्टे जाणवतात. हा सांध्याचा आजार नाही, सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाचे आतले अस्तर कडक होणे) आहे आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. सुपारी त्याच दिवशी बंद करा आणि तपासून घ्या.

काही वेळा थांबायचेच नाही. जांभईनंतर तोंड उघडेच राहिले तर जबडा निखळला आहे. घरी दाबून बसवू नका. मार लागून दात नेहमीसारखे जुळत नसतील, तापासोबत सूज असेल किंवा गिळता येत नसेल, जखमेनंतर जबडा ताठ झाला असेल (धनुर्वात), तर लगेच रुग्णालयात जा. पन्नाशीनंतर चावताना जबडा आणि सोबत कानशील दुखून नजर अंधुक झाली तरी तेच. चालताना, जिना चढताना जबडा दुखून छातीत दडपण आले किंवा घाम फुटला तर 108 लावा. ते दुखणे हृदयाचे असू शकते.

सरकारी दंत महाविद्यालयात तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग असतो. एक्स-रेमध्ये हाड दिसते. चकती पाहायला एमआरआय लागतो, पण तो प्रत्येकाला लागत नाही. रात्री दातांवर घालायचा गार्ड मापाने बनवून घ्या. सुरुवातीलाच कोणी दात झिजवून चावा (दातांची जुळणी) बदलू म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. झिजवलेला दात परत येत नाही.