कॅलिपरवरचे क्लिअर सुटले असेल तर : हात घालण्यापूर्वीची तयारी

रंगवलेल्या ब्रेक कॅलिपरवरील (डिस्कला पॅडमध्ये दाबून धरणाऱ्या भागावरील) क्लिअरचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचे, पापुद्रे निघू लागले की स्प्रे आणून वरच्यावर एक हात मारून घ्यावा, असा मोह होतो. तो आवरावा, कारण सैल थरावर मारलेला नवा थर त्या पापुद्र्यासकटच निघून येतो. कॅलिपर गाडीवरून न उतरवता हे काम होते, आणि आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे ड्रम असल्याने कॅलिपरही दोनच असतात. तरीही दोन दिवस गाडीची गरज पडणार नाही अशी सोय असल्याशिवाय चाक उतरवू नये.

जॅक, स्टँड, पाना हे सांगायला नको. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, एवढेच. हवा कोरडी हवी, कारण मुंबई-कोकणच्या पावसाळी दमटपणात क्लिअर वाळता वाळता दुधाळ होते. क्लिअरच्या डब्यावर ते कॅलिपरसाठी किंवा उच्च तापमानासाठी असल्याचे छापलेले असावे. घाट उतरताना कॅलिपर जितका तापतो तितके तापमान सोसण्यासाठी बॉडीचे साधे क्लिअर बनवलेले नसते. हार्डनर मिसळून वापरायचे क्लिअर अधिक टिकते खरे, पण त्यातील आयसोसायनेट श्वसनमार्गाला घातक असल्यामुळे कापडी मास्क बांधून सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते मारण्याचा विचारही करू नये.

आता ज्यासाठी ही यादी लिहायला घेतली ती गोष्ट, म्हणजे ब्लीडिंग निपलची, ब्रेकच्या नळ्यांतली हवा ऑइलसकट बाहेर काढायच्या तोटीची, रबरी टोपी. मागच्या खेपेस ती काढायची राहिली आणि नवे क्लिअर नेमके निपलच्या बुंध्यापासूनच फुगून सुटले. टोपीखाली ब्लीडिंगच्या वेळचा ब्रेक ऑइलचा थेंब बहुधा राहिलेला असतो. कॅलिपर तापला की तो पातळ होऊन कडेखालून झिरपतो, आणि डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे ऑइल रंगाला अक्षरशः सोलून काढते. म्हणून टोपी काढावी, टिश्यूची बारीक वात करून छिद्रातला थेंब टिपून घ्यावा आणि बुंधा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करावा. हे ऑइल पाण्यात विरघळते. निपल सैल करायचे नाही, फक्त पुसायचे आहे. थेंब पुन्हा जमला तर निपल गळत आहे असे समजावे आणि रंग बाजूला ठेवून आधी मेकॅनिक गाठावा.

घासकामासाठी ४०० आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर घ्यावा आणि तो ओलाच वापरावा, म्हणजे ब्रेकची धूळ नाकात जाणार नाही. सुटलेल्या क्लिअरच्या कडेवर नख फिरवून पाहावे. नख अडत असेल तोवर घासणे संपलेले नाही. खालचा रंग उघडा पडला तर त्यावर आधी त्याच जातीचा रंग मारावा लागतो, आणि दोन थरांमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा हे डब्यावर वाचूनच ठरवावे. शेवटचे पुसणे आयसोप्रोपिल अल्कोहोलने करावे. गॅरेजमधल्या सवयीने रॉकेल किंवा पेट्रोल लावू नये, कारण ब्रेकमधले रबर त्याने फुगते. पुसून झाल्यावर निपलचा बुंधा पुन्हा एकदा पाहावा. होय, पुन्हा.

मास्किंग टेप डिस्क, पॅड, रबरी बूट, सरकत्या पिना, होज आणि एबीएसची वायर या सगळ्यांवर लावावी. निपलच्या टोकावरही, टोपी काढलेल्या अवस्थेतच, कारण टोपीवरून मारलेले क्लिअर टोपी ओढताच फाटते. थर पातळ, दोन-तीन. टेप काढल्यावर डिस्कवर शिंतोडे दिसले तर गाडी हलवण्यापूर्वी ते पुसावेत. टोपी नवी बसवावी, जुनी ऑइल प्यायलेली असते. चाकाचे नट समोरासमोरचे आलटून-पालटून आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावेत, मग ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. रंग पक्का होईपर्यंत चाकांवर ॲसिडचा क्लीनर मारू नये. धुणाऱ्या मुलालाही तसे सांगून ठेवावे.