लाल मनोली बिनलाल दिवसांत कशी ओळखावी

पावसाळ्यातला लाल मनोलीचा नर कोणालाही ओळखता येतो. जेमतेम दहा सेंटीमीटरचा, गडद तांबडा आणि अंगभर पांढरे ठिपके असलेला हा पक्षी ओळखायला मार्गदर्शक लागत नाही. अडचण येते ती विणीचा हंगाम संपल्यावर, आणि हा लेख त्या दिवसांसाठी आहे.

नाशिकहून निफाडमार्गे पहाटेच नांदूर मध्यमेश्वरला पोहोचावे. 2020 साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेल्या या जलाशयावर बहुतेक जण बदके आणि रोहित पाहायला येतात, त्यामुळे सगळ्या दुर्बिणी पाण्याकडे लागलेल्या असतात. आपण मात्र पाण्याकडे पाठ करावी आणि पाणकणीस, उंच गवत व उसाच्या बांधावर नजर ठेवावी.

आता खरा कठीण टप्पा. विणीनंतर नर तांबडा पिसारा टाकून मादीसारखा करडा-तपकिरी होतो. “लाल चोच दिसली की झाले” हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि त्यावर विसंबून मी दोन वर्षे चुकीच्या नोंदी केल्या. या पक्ष्याच्या चोचीचा रंग ऋतूनुसार बदलतो. मे महिन्यात ती लाल होऊ लागते, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गडद होते आणि एप्रिलमध्ये झपाट्याने काळी पडते. त्यामुळे एप्रिलमधली अस्सल लाल मनोली मी “दुसरी काहीतरी” म्हणून वहीतून खोडली होती!

भरवसा ठेवावा तो शेपटीच्या मुळावरच्या तांबड्या पट्ट्यावर आणि पंखांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर. मिटलेल्या पंखांखाली तो पट्टा झाकलेला राहतो, म्हणून पक्षी उडवून पाहण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण उडालेला थवा शंभर पावले दूर जातो आणि आपल्या हाती फक्त बारीक चिवचिव उरते. त्याऐवजी थांबावे. बी खाण्यासाठी पक्षी गवताच्या काडीवर बसतो, त्याच्या भाराने काडी वाकते, तोल सावरताना पंख किंचित सुटतात आणि तेवढ्या क्षणात तांबडे दिसते. पिल्लांमध्ये मात्र हा तांबडा रंगही नसतो. त्यांच्या पंखांवर फिकट पिवळसर असे दोन पट्टे असतात. ठिपकेवाली मनोली ही वेगळी जात; तिच्या पिल्लाचे पंख साधे तपकिरी असतात आणि चोच जाड व काळसर असते, म्हणून एकट्या पिल्लाची नोंद करण्यापूर्वी जवळपास प्रौढ पक्षी आहेत का, ते पाहावे.

पिंजऱ्यातला पक्षी पाहून सराव करावा, असेही सुचवले जाते. हा सल्ला दोनदा चुकीचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार देशी मनोली पकडणे, विकणे किंवा पाळणे गुन्हा आहे. शिवाय पिंजऱ्यात नराची पिसे पुष्कळदा काळवंडतात, त्यामुळे तेथे शिकलेली खूण रानात उपयोगी पडत नाही. ‘अमांडवा’ हे शास्त्रीय नावच मुळी अहमदाबादवरून आले आहे, कारण तेथून हे पक्षी पिंजऱ्यांतून परदेशी जात. स्पेनपासून फिजीपर्यंत आज रानात दिसणाऱ्या लाल मनोल्या अशाच सुटलेल्या पक्ष्यांचे वंशज आहेत. पक्षी पाळायचाच असेल, तर ऑस्ट्रेलियाची झेब्रा फिंच पाळावी.

नोंद करताना तारीख, चोचीचा रंग आणि शेपटीच्या मुळावरचे तांबडे प्रत्यक्ष दिसले की नाही, हे तिन्ही लिहावे.