ओओ इंजिनावर तारेचा हँडरेल आणि इतर सुटे भाग

जुन्या ओओ मॉडेलांवर, म्हणजे १:७६ प्रमाणातल्या ब्रिटिश रेल्वे इंजिनांवर, बॉयलरच्या कडेचा हँडरेल (हाताने धरायचा दांडा) बहुधा प्लास्टिकमध्येच ओतलेला असतो. सुटे भाग बसवायला इथूनच सुरुवात करा. दुसऱ्या कशानेही रूप इतकं बदलत नाही. तार ०.४५ मिमी घ्या. खरा दांडा साधारण सव्वा इंच जाड. ७६ ने भागलं की ०.४२ मिमी येतात. ०.७ ची तार नळासारखी दिसते.

जुना हँडरेल तासण्याआधी नॉबच्या, म्हणजे दांडा ज्यांत ओवलेला असतो त्या छोट्या खुंट्यांच्या, जागा सुईने टोचून ठेवा, कारण नंतर खूण उरत नाही. सपाट पात्याने थोडं वर ठेवून तासा, उरलेलं ६०० आणि मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासा. भोकं पिन व्हाइसनेच, म्हणजे बारीक ड्रिल धरून हाताने फिरवायच्या दांडीनेच पाडा. मोटरच्या ड्रिलने प्लास्टिक वितळतं आणि भोक सैल होतं. ड्रिल निवडताना नॉबची दांडी कॅलिपरने मोजा, पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका.

तारेचं एक टोक व्हाइसमध्ये धरून दुसरं पकडीने ओढा. किंचित ताणली की ती सरळ होते. सगळे नॉब आधी तारेत ओवा, मगच भोकांत बसवा. एकेक नॉब आधी चिकटवला तर एखादा तिरका बसतोच आणि तार वाकते. समोरून एक डोळा मिटून रेषा तपासा, मग आतून सावकाश सुकणारं इपॉक्सी लावा. सायनो गोंदाच्या (सुपरग्लूच्या) वाफेने भोवतालच्या रंगावर पांढुरका थर येतो, शिवाय चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

व्हाइट मेटलच्या, म्हणजे कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूच्या शिट्टीला किंवा सेफ्टी व्हॉल्व्हला साधी सोल्डरिंगची कावी लावली तर भागच वितळतो. ७० अंशांना वितळणारं सोल्डर आणि तापमान कमी करता येणारी कावी नसेल तर इपॉक्सीच बरं.

खरी डोकेदुखी बफर बीमखाली, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या आडव्या पट्टीखाली. व्हॅक्यूम पाइप कपलिंगला अडतो, सिलिंडरचे ड्रेन पाइप बोगीच्या चाकांना. पितळी सँडपाइप (रुळावर वाळू सोडणारी नळी) चाकाला टेकला तर शॉर्ट होतो. चाकाजवळचे भाग शक्यतो प्लास्टिकचेच ठेवा. रंगाआधी इंजिन ४३८ मिमी त्रिज्येच्या वळणावर दोन्ही दिशांनी हळू चालवा. चाक घासल्याची चकाकी पाइपवर दिसली तर तेवढाच भाग कानशीने कमी करा. मग पितळेला एचिंग प्रायमर द्या, नाहीतर नखानेही रंग निघतो.