आषाढात बेट होणाऱ्या वाडीसाठी विजेचं नियोजन

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटी आणि भीमगडच्या रानाकडे अशा वाड्या आहेत, जिथे ओढा चढला की वाट बंद होते आणि झाड तारेवर पडलं की लाईट जाते. लाईनमन यायचा तर त्यालाही तीच वाट. चिकोडी-रायबागकडे कृष्णा आणि दूधगंगेच्या काठी २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावंच्या गावं पाण्याने वेढली गेली. नकाशावर ही बेटं नसली तरी विजेचा विचार करताना ती बेटंच समजावीत. खालचा हिशोब ४० घरांच्या वाडीचा आहे. घरं कमी-जास्त असतील तर त्या प्रमाणात आकडे बदला.

सुरुवात पॅनलच्या कोटेशनने करू नका. आधी वहीत गरज मांडा. एका घरात ९ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास, ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा आठ तास, ५० वॅटचा टीव्ही तीन तास आणि दोन मोबाइल धरले, तर दिवसाला सुमारे ५९० वॅट-तास होतात. ४० घरांचे साडेतेवीस युनिट. रस्त्यावरचे २० वॅटचे दहा दिवे रात्रभर जळले की आणखी सव्वादोन युनिट. ५ एचपीची पिठाची गिरण दोन तास चालली तर ९ युनिट. एकूण रोजची गरज ३५ युनिट. जुने ७५ वॅटचे पंखे तसेच ठेवले तर प्रत्येक घरामागे ३६० वॅट-तास वाढतात, म्हणजे वाडीचे १४ युनिट. पंखे बदलणं हे जादा पॅनल आणि बॅटऱ्या घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, म्हणून ते काम सर्वांत आधी करा.

आता खरी अडचण. आपल्याकडे स्वच्छ उन्हात एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला ४ ते ४.५ युनिट देतं. घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये तेच पॅनल एक-दीड युनिटावर येतं. एप्रिलचं ऊन बघून योजना आखली की नेमक्या गरजेच्या दिवसांत अंधार पडतो. केवळ सौरऊर्जेवर जुलै काढायचा तर वाटेतली घट धरून ३० ते ४५ किलोवॅटचे पॅनल लागतील, आणि वर्षाचे आठ महिने त्यांतली अर्ध्याहून जास्त वीज वाया जाईल. घाटातल्या वाडीला त्यापेक्षा सरळ उपाय आहे. ज्या पावसाने ऊन झाकलं, त्याच पावसाच्या ओढ्यावर टर्बाइन बसवावं.

ओढ्याची ताकद काढायचं गणित असं: उंची (मीटर) × पाणी (सेकंदाला लिटर) × ९.८१ × ०.५. शेवटचा ०.५ हा पाइप, टर्बाइन आणि जनित्र यांतली घट धरून आहे. २० मीटर उंची आणि सेकंदाला २० लिटर पाणी असेल तर जवळपास २ किलोवॅट मिळतात. हा आकडा लहान वाटेल, पण ओढा रात्री झोपत नाही. चोवीस तासांत ४७ युनिट होतात, आणि पाणी निम्म्यावर आलं तरी २४.

उंची मोजायला गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप पुरते. टप्प्याटप्प्याने खाली उतरत बेरीज करायची. पाणी मोजण्यासाठी छोटा बांध घालून सगळी धार एका पाइपातून २०० लिटरच्या पिंपात सोडा. पिंप दहा सेकंदांत भरलं तर सेकंदाला २० लिटर. ही मोजणी जूनपासून जानेवारीपर्यंत दर आठवड्याला करा आणि तारखेसह लिहून ठेवा. एका पावसाळ्याची मोजणी झाल्याशिवाय टर्बाइनची ऑर्डर देऊ नये. धो-धो पावसात एकदाच मोजून घेतलेलं यंत्र ऑक्टोबरात अर्ध्या पाण्यावर रडतखडत चालतं. मोजलेलं सगळं पाणी पाइपात घालू नका. ओढ्यात निदान एक तृतीयांश वाहतं राहू द्या, कारण खालच्या शेताला आणि जनावरांना तेच पाणी आहे.

पाइपच्या मापात काटकसर करू नका. १०० मीटर लांबीला ११० मिमीचा पाइप टाकला तर २० लिटरच्या धारेला घर्षणातच सुमारे ५ मीटर उंची जाते, म्हणजे पाव ताकद. १६० मिमीच्या पाइपात हीच घट एका मीटरच्या आत राहते. पाण्याच्या तोंडाशी गाळ बसायला छोटी टाकी, तिच्या तोंडावर पाच मिलिमीटर फटींची जाळी. मृगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर वर्षभराचा पाला येतो. तेव्हा जाळी दिवसातून दोनदा साफ करावी लागते, आणि ज्याच्याकडे हे काम त्याला मानधन ठरवून द्या. पाणी कमी पडून पाइपात हवा शिरली की टर्बाइन धडधडतं आणि वीज खालीवर होते. जनित्राला डंप लोड हवाच, म्हणजे बॅटरी भरल्यावर उरलेली वीज हीटरकडे वळवणारी व्यवस्था. ती नसेल तर भार कमी होताच टर्बाइन बेफाम पळतं, विजेचा दाब चढतो आणि घरातले दिवे जळतात. हा हीटर एका बंद खोलीत ठेवला तर श्रावणात ओलं काहीही वाळवता येतं.

डिसेंबर ते मे भार सौरऊर्जेवर. वायर, इन्व्हर्टर आणि बॅटरीतली पाव घट धरली तर ३५ युनिटांसाठी ४७ युनिट तयार व्हावे लागतात. म्हणून १२ किलोवॅट, म्हणजे ५५० वॅटचे २२ पॅनल. तोंड दक्षिणेला, कल १५-१६ अंश. झाडाची सावली सकाळी नऊ ते चार या वेळेत एका पॅनलवर पडली तरी मालिकेतल्या बाकीच्यांचं उत्पादन घसरतं. घाटातल्या झाडीत छोटी पवनचक्की लावायच्या फंदात पडू नका. वारा जाणवतो खरा, पण झाडांमुळे तो भोवरे घेत येतो.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ३० युनिट क्षमतेची. तिची ८० टक्के वापरली तर रात्रीला २४ युनिट मिळतात. तेवढ्याच कामाला लेड-ॲसिड घेतली तर आयुष्य टिकवण्यासाठी निम्मीच वापरावी लागते, म्हणजे १५० एएचच्या २६-२८ बॅटऱ्या. इतक्या ओळी समांतर जोडल्या की एक कमजोर ओळ बाकीच्यांना खाते. पिठाची गिरण बॅटरीवर नको. तिला व्हीएफडी (मोटर हळूहळू वेगात आणणारं यंत्र) लावा आणि ऊन असताना दुपारी चालवा. थेट चालू केलेली मोटर सुरुवातीला पाच-सहा पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर बंद पाडते.

वळवाच्या विजा हा आपल्याकडचा मोठा शत्रू. एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा असतो आणि करंट जमिनीत मुरत नाही. अर्थिंगचे खड्डे खोल घ्या, बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरा, पाणी घालायला पाइप ठेवा आणि रेझिस्टन्स ५ ओहमच्या खाली आला का हे वळवाच्या आधी मोजा. पॅनलच्या आणि घरांच्या, दोन्ही बाजूंना एसपीडी (विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत वळवणारी उपकरणं) हवेत. ३०० मीटर लांबच्या घरांच्या गटाला १६ चौरस मिमीच्या ॲल्युमिनियम केबलवर २ किलोवॅट नेले तर १० व्होल्ट पडतात. ५ किलोवॅट नेले तर २५, आणि तिथले दिवे मंद होतात.

कुणी किती वापरायचं हे तारा ओढायच्या आधी ठरवा. स्कॉटलंडजवळचं एग बेट २००८ पासून पाणी, वारा आणि ऊन यांच्या स्वतःच्या ग्रिडवर चालतं. तिथे प्रत्येक घराला ५ किलोवॅटची मर्यादा आहे, व्यवसायाला १०. आपल्या वाडीत घरागणिक २ ॲम्पियरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) बसवावा, म्हणजे सुमारे ४६० वॅट. छोटा मिक्सर चालतो. इस्त्री, गिझर, इंडक्शन नाही. एका घरात गिझर चालू झाला की शेजारच्या दहा घरांचे दिवे जातात, आणि मग भांडण यंत्राचं राहत नाही. स्वयंपाकासाठी गोबर गॅस वेगळा धरा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. थंडी-पावसात गॅस कमी बनतो, तेव्हा चूल मोडू नका.

वर्गणी बॅटरीच्या हिशोबाने काढा. समजा बॅटरी ६ लाखांची आणि आठ वर्षं टिकणारी. ९६ महिने आणि ४० घरं, म्हणजे घरटी महिन्याला १५६ रुपये फक्त बॅटरीसाठी बाजूला पडायला हवेत. हे खातं देखभालीच्या खात्यापासून वेगळं, दोन सह्यांचं. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेमुळे ज्यांचं हेस्कॉमचं (इथल्या वीज कंपनीचं) बिल शून्य येतं, ते विचारतीलच की पैसे कशाला. त्यांना जुलैतल्या बंद दिवसांची यादी दाखवा. हेस्कॉमची जोडणी असेल तर ती तोडू नका, हायब्रिड इन्व्हर्टर (लाईट गेली तरी बॅटरीवर चालणारा) घ्या. साधा ग्रिडचा सौर इन्व्हर्टर लाईट गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद होतो, आणि पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान घेऊनही घरात अंधारच राहतो.

वनजमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये अपारंपरिक ऊर्जा, वीजतारा आणि पाण्याच्या पाइपलाइन येतात. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, ग्रामसभेची शिफारस हवी, आणि सुविधा सरकारच्या व्यवस्थापनाखालची हवी. म्हणून योजना पंचायतीच्या नावानेच मांडा. पिडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) ठरावाची कन्नड प्रतही द्या, म्हणजे फाइल अडत नाही. अभयारण्याच्या आत ओढ्याचं पाणी वळवायला मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना वेगळा लागतो. तो मिळेपर्यंत पाइप आणून टाकू नका.

नदीकाठच्या गावांना ओढा नाही, पण उन्हाचा तुटवडाही घाटाएवढा नाही. तिथे इन्व्हर्टर आणि बॅटरी २०१९ च्या पुराच्या खुणेपेक्षा किमान एक मीटर वर, शाळेच्या किंवा मंदिराच्या पक्क्या माळ्यावर ठेवा. पॅनलची चौकट जमिनीत काँक्रीटने धरा आणि खालच्या केबलला मधे जोड ठेवू नका.