थंडीतली बैठक : फ्लाय बांधायला सुरुवात कशी करावी

नोव्हेंबर उजाडला की हिमाचल प्रदेशातल्या ट्राउटच्या नद्या मासेमारीसाठी बंद होतात आणि फेब्रुवारी सरेपर्यंत बंदच राहतात, कारण ब्राउन ट्राउट मासे याच थंडीत तळाच्या बारीक गोट्यांमध्ये अंडी घालतात. तिथल्या तीर्थन नदीच्या काठी उभे राहता येत नाही असे हे चार महिने म्हणजे फ्लाय बांधण्याचा हंगाम. पुण्यात आम्ही पाच-सहा जण या दिवसांत एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी कुणा एकाच्या घरी जमतो, जेवणाच्या टेबलावर जुनी पांढरी चादर अंथरतो, पंखा बंद करतो आणि गळावर पिसे बांधत बसतो. या बैठकांमध्ये जे शिकायला मिळाले, त्यातले नवख्याला उपयोगी पडेल तेवढे येथे मांडत आहे. माझे मत आधीच सांगतो : फ्लाय बांधणे एकट्याने शिकता येते, पण शेजारी बसलेल्याच्या हाताकडे पाहून ते जितक्या लवकर आणि जितके बरोबर येते तितके दुसऱ्या कशानेही येत नाही.

फ्लाय म्हणजे गळावर दोरा, पिसे, लोकर आणि तार बांधून केलेला कीटकाचा किंवा छोट्या माशाचा आभास. तिला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. ती दूर जाते ती तिला जोडलेल्या मासेमारीच्या जाड, जड दोरीच्या वजनाने. ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या 200 च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधतात, असे लिहून ठेवले आहे. आज आपण जे करतो त्याचा गाभा तोच आहे, म्हणून सामानाच्या लांब यादीने दबून जाण्याचे कारण नाही.

गळ घट्ट धरणारा एक व्हाइस, दोऱ्याचे रीळ धरणारा बॉबिन होल्डर, टोकदार छोटी कात्री, पिसाचे टोक धरायचा चिमटा, एक दाभण आणि शेवटची गाठ मारायचे व्हिप फिनिशर एवढ्यावर वर्षभर काम निभते. पैसे खर्च करायचेच असतील तर ते व्हाइसवर आणि कात्रीवर करावेत. गळ हलणारा व्हाइस शिकणाऱ्याला स्वतःच्या हाताविषयी उगाच शंका घ्यायला लावतो, आणि बोथट कात्री पीस कापत नाही, चघळते. कात्रीची टोके पिसांसाठी राखून ठेवावीत. तार कापायची झाल्यास पात्यांच्या मुळाशी कापावी. चष्मा नसणाऱ्यांनीही डोळ्यांवर साधा संरक्षक चष्मा चढवावा, कारण ताणलेला दोरा तुटला की गळ कुठे उडेल ते सांगता येत नाही.

पिसांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. खास जोपासलेल्या कोंबड्यांची पिसे बाजारात येण्यापूर्वी ब्रिटनमधले आणि अमेरिकेतले लोक भारतातून गेलेल्या कोंबड्यांच्या मानेच्या पिसांवरच मोठ्या प्रमाणात अवलंबून होते. गावरान कोंबडा कापणाऱ्या दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवले तर मानेचे कातडे पिसांसकट मिळते. ते भांडी धुण्याच्या साबणाने कोमट पाण्यात दोनदा धुवावे, आतली चरबी खरवडून काढावी, मीठ चोळून सावलीत वाळवावे आणि बंद पिशवीत घालून दोन-तीन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावे, म्हणजे त्यातल्या किडी मरतात. पावसाळ्यात पिसांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायला विसरू नये. गळांच्या डबीतही त्या हव्यातच. बारीक तांब्याची तार मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळते, आणि शेनिल नावाचा मखमली धागा हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतो.

याच ठिकाणी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाचा थेंब पडून चकाकावा तशी ठिपक्यांची पिसे असतात. जॉक स्कॉटसारख्या, सामन मासा धरायच्या जुन्या ब्रिटिश फ्लायमध्ये गालाच्या जागी हीच पिसे लागत, आणि त्या मागणीपायी या पक्ष्याची फार शिकार झाली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याचे पीस आपल्या टेबलावर येता कामा नये, मग ते कुणा आजोबांच्या पेटीतले का असेना. मोराने आपोआप टाकलेली पिसे देशात बाळगता येतात, मात्र ती परदेशी पाठवता येत नाहीत. तीर्थनच्या खोऱ्याला लागूनच ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे मोनाल आहे, हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराणा आहे. त्यांचे वाटेत पडलेले पीससुद्धा उचलू नये. 2009 साली इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील संग्रहालयातून पक्ष्यांची 299 कातडी चोरीला गेली, ती फ्लाय बांधणाऱ्यांना हव्या असणाऱ्या पिसांसाठीच. असे पीस विकत घेणारा कुणीतरी असतो म्हणून ते चोरले जाते, आणि तो आपल्यातलाच असतो. आमच्या बैठकीत म्हणूनच प्रत्येक नव्या पिसाबरोबर ते कुठून आले हे सांगावे लागते, आणि त्याचा कुणालाही राग येत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिल्या दिवशी फ्लाय बांधूच नये. नुसता दोरा गुंडाळावा. गळ बाकापाशी व्हाइसमध्ये धरावा, दांडी आडवी आणि गळाचे नेढे उजव्या हाताला असावे. दोऱ्याचे टोक डाव्या हाताने ताणून धरून, उजव्या हाताने दोरा दांडीवरून आपल्यापासून दूर नेत खालून परत आणावा आणि पाच-सहा वेढ्यांत स्वतःच्याच टोकावर चढवावा, की तो पक्का बसतो. त्यानंतर मुद्दाम दोरा तुटेपर्यंत ओढावा. दहा वेळा तोडला की हाताला त्याची मर्यादा कळते, आणि त्या मर्यादेच्या किंचित अलीकडे राहून केलेले काम टिकते. नवख्याची फ्लाय बहुतेक वेळा सैल दोऱ्यामुळे सुटते.

दुसरी गोष्ट सहसा कुणी समजावून सांगत नाही. उजव्या हाताने गुंडाळताना प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्याला एकेक पीळ पडत जातो आणि तो सुतळीसारखा गोल होतो. गोल दोऱ्याने उंचवटे येतात. मधूनमधून बॉबिन मोकळा सोडून, वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवला की दोरा पुन्हा चपटा होतो आणि अंग गुळगुळीत बसते. माझी दोन वर्षे हे न कळल्यामुळे जाडजूड डोक्यांच्या फ्लाय बांधण्यात गेली. एके रविवारी शेजारी बसलेल्या गृहस्थांनी काही न बोलता बोटाने माझा बॉबिन गर्रकन फिरवला, आणि त्या एका हालचालीने माझे काम बदलले.

तिसरी गोष्ट चिमटीतल्या वेढ्याची. पीस दांडीवर ठेवून नुसता दोरा आवळला तर दोऱ्याच्या ओढीने ते पलीकडच्या बाजूला घसरते. म्हणून पीस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दांडीसकट धरावे, दोरा सैलसर ठेवून त्याच चिमटीतून वर न्यावा, पलीकडून खाली आणावा आणि मगच सरळ खाली ओढावा. असे दोन वेढे बसेपर्यंत चिमटी सोडू नये.

पहिली फ्लाय म्हणून वूली बगर बांधावी असा माझा आग्रह आहे. तिचे श्रेय अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांना दिले जाते; 1967 च्या सुमाराची ही रचना आहे. ती मोठी आहे, चुका पोटात घालते आणि मासा पकडते. 8 नंबरचा लांब दांडीचा गळ घ्यावा. (गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे सुरुवातीला गोंधळात टाकते.) गळाच्या टोकामागचा उलटा दात आधीच पक्कडीने दाबून सपाट करावा, यामुळे मासा इजा न होता सोडता येतो, आणि दाबताना गळ मोडलाच तर तासाभराचे काम वाया जात नाही. दांडीवर दोऱ्याचा एक थर देऊन शेपटीसाठी माराबू बांधावे. हे टर्कीचे मऊ पीस असते. न मिळाल्यास गावरान कोंबडीच्या पिसांच्या बुडाशी असणारी लव घ्यावी. बोटे ओली करून ते चिंबवले की त्याची खरी जाडी दिसते. शेपटीची लांबी दांडीएवढी असावी. ती लांब झाली तर कात्री लावू नये, नखांनी खुडावी, कारण कापलेली कड पाण्यात झाडूसारखी दिसते. उरलेला बुंधा नेढ्याच्या अलीकडेपर्यंत दांडीवरच बांधत न्यावा, म्हणजे अंग एकसारखे होते.

यानंतर बाकापाशी तांब्याची तार आणि शेनिल बांधावे. शेनिलच्या टोकाची मखमल नखांनी खरवडून आतला धागा उघडा करावा आणि तेवढाच बांधावा, नाहीतर तिथे गाठोडे होते. दोरा पुढे आणावा, शेनिल शेजारी शेजारी गुंडाळत पुढे आणून बांधून टाकावे आणि नेढ्यामागे दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. ही मोकळी जागा हा आमच्या बैठकीतला सर्वांत जुना वादाचा विषय आहे, कारण ती प्रत्येकाला जास्त वाटते आणि प्रत्येकाला शेवटी कमी पडते. आता कोंबड्याच्या मानेचे पीस बुंध्याच्या बाजूने पुढे बांधावे, चिमट्याने धरून पाच-सहा मोकळ्या वेढ्यांनी मागे न्यावे आणि तिथे तारेने पकडावे. मग तीच तार पिसाच्या वेढ्यांना छेद देत, तंतू दबू नयेत म्हणून किंचित डावी-उजवी हलवत, पुढे आणून बांधावी. पुष्कळ जण पीस मागे बांधून पुढे आणतात आणि तार वापरत नाहीत. ती फ्लाय सुंदर दिसते, पण ट्राउटच्या दातांनी पिसाची काडी एका जागी तुटली की सगळे उलगडते. व्हिप फिनिशची पाच वेढ्यांची गाठ मारावी, दोरा कापावा, डोक्याला वार्निशचा एक थेंब द्यावा आणि ते सुकण्याआधी नेढ्यातून दाभण फिरवून घ्यावे. नदीवर गार पडलेल्या बोटांनी बंद नेढे उघडण्याचा प्रयत्न करताना हा अर्धा मिनिट आठवतो.

एकाच रचनेच्या निदान सहा फ्लाय ओळीने बांधाव्यात आणि पहिली समोर ठेवून सहावीशी ताडून पाहावी. वूली बगर हातात बसली की फेझंट टेल निम्फकडे जावे (निम्फ म्हणजे कीटकाचे पाण्यातले पिल्लू). इंग्लंडमधल्या विल्टशायरच्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी ही बांधली, आणि तिची खुबी अशी की तिच्यात दोराच नाही. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे चार तपकिरी तंतू आणि तांब्याची बारीक तार, बस. तारच बांधते आणि तारच वजन देते. त्यांनी तिला पायही लावले नाहीत, कारण पोहताना मेफ्लाय या पाणकिड्याचे पिल्लू पाय अंगाशी घेते हे त्यांनी नदीत पाहिले होते. ही फ्लाय बांधताना कळते की काय गाळावे हे ठरवायला नदीवर बसून पाहणे लागते.

आता बैठकीविषयी. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याच्या समोर बसू नये, शेजारी बसावे. समोरून हात उलटे दिसतात आणि वेढ्याची दिशा चुकते. त्या दिवशी सर्वांनी एकच फ्लाय बांधावी. दुसऱ्याच्या व्हाइसला न विचारता हात लावू नये (माझा बॉबिन फिरवणाऱ्या गृहस्थांना हा नियम आम्ही माफ केला आहे). चूक दाखवताना मोजता येईल तेच बोलावे : शेपटी दांडीहून लांब आहे, डोक्याला जागा उरली नाही, तार सैल आहे. ‘छान आहे’ म्हणून शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. बिघडलेली फ्लाय फेकू नये. ब्लेडने कापून सगळ्यांसमोर उलगडावी, कारण ती कुठे बिघडली हे बाहेरून क्वचितच दिसते. चहा टेबलावर आणू नये. पाण्याचे भांडे आणि कप वेगळ्या स्टुलावर असावेत.

हंगामाच्या शेवटी, फेब्रुवारीतल्या बैठकीत, आम्ही अदलाबदल करतो. जितके जण असतील तितक्या एकाच रचनेच्या फ्लाय प्रत्येकाने बांधून आणायच्या आणि वाटून टाकायच्या. दुसऱ्याच्या डबीत जाणार आहे म्हटल्यावर माणूस गाठ दोनदा तपासतो, हा अनुभव आहे. मागच्या वर्षी सर्वांत नव्या सदस्याने, शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी, बांधलेल्या सहा वूली बगर सर्वांत सारख्या होत्या. त्यांनी प्रत्येक टप्प्याला पट्टी लावून मोजले होते. त्यातली एक मी मार्चमध्ये, मत्स्य विभागाचा परवाना खिशात ठेवून, तीर्थनच्या एका खोल डोहात टाकली.

ती फ्लाय मी परत आणून ठेवली आहे, आणि माशांनी चावलेली प्रत्येक फ्लाय अशीच परत आणावी. घरी आल्यावर ती गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, बांधणाऱ्याच्या नावाच्या चिठ्ठीसह वेगळ्या डबीत ठेवावी आणि पुढच्या नोव्हेंबरच्या पहिल्या बैठकीत भिंगाखाली धरावी. ताईंच्या फ्लायची शेपटी अर्धी गेली होती, पीस दोन ठिकाणी तुटले होते, आणि तारेमुळे उरलेले सगळे वेढे जागच्या जागी होते.