आफ्रिकन सफारीचा मोसम ठरवताना या चुका टाळा

“आफ्रिकेला कधी जावं?” इथंच पहिली गडबड होते. आधी देश ठरवा, मग महिना. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात मे ते सप्टेंबर कोरडा हिवाळा. झुडपं विरळ होतात, जनावरं पाणवठ्यावर येतात. बोत्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाची तऱ्हाच वेगळी. अंगोलात पडलेलं पावसाचं पाणी तिथं पोचायला काही महिने लागतात, म्हणून ऐन कोरड्या जून-ऑगस्टमध्ये तिथं पूर असतो.

आपल्याकडे तारीख निघते ती शाळेच्या सुट्टीवरून. पण एप्रिल-मे म्हणजे केनिया-टांझानियातला मोठा पाऊस. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात बरीचशी काळी माती. मराठवाड्यातल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको. गाडी रुतली की सकाळ गेलीच. गर्दी नसते, दरही उतरलेले असतात, पण मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्ट या मोठ्या कुरंगांचे कळप तेव्हा दिसणार नाहीत. त्यांचा काळ साधारण जुलै ते ऑक्टोबर. दिवाळीत बघू म्हणाल, तर 2026 चं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. तोवर बहुतेक कळप दक्षिणेकडे वळलेले असतात.

बरं, ऑगस्टमध्ये गेलात तरी मारात एकाच रात्रीचा मुक्काम ठेवू नका. कळप काठावर येतो, पुढचे पाण्याकडे बघत थबकतात, मागचे रेटतात, धुळीचे लोट उठतात. एवढ्यात एखादा झेब्रा बिचकतो आणि सगळे माघारी! तासन्‌तास उन्हात थांबून काहीच हाती न लागणं तिथं नेहमीचंच. शिवाय परदेशी प्रौढांचं माराचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जूनमध्ये दिवसाला 100 डॉलर, तर जुलैपासून 200.

मला विचाराल तर फेब्रुवारी. टांझानियातल्या दक्षिण सेरेंगेटीत, एनडुटूच्या आसपासच्या माळावर, विल्डबीस्ट वितात. दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं. पिल्लू काही मिनिटांत लटपटत उभं राहतं, आणि चित्ते, तरस जवळपास असतातच. नदीकाठच्या जुगारापेक्षा हे कितीतरी भरवशाचं. पोरांची शाळा आठवडाभर बुडाली तर बुडू दे.

“आफ्रिका म्हणजे उकाडा” म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. मारा दीड हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. जुलैत पहाटे उघड्या जीपमध्ये कानटोपी लागते. आणि पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी अधिकृत केंद्रावरच घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल, तर केनियाहून परतल्यावर विमानतळावरूनच 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं.